ट्रोलला मोकळं रान, सदस्याला कुलूप: तुमच्या चर्चागट सेवेबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय: सशुल्क चर्चागटात ट्रोलना आवरण्याची साधनं निकामी ठरल्याबाबत आणि एका प्रामाणिक सदस्याचं अकाउंट विनाकारण गोठवल्याबाबत.

महोदय/महोदया,

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांची घरी काळजी घेणाऱ्यांचा एक चर्चागट मी तुमच्या सेवेवर चालवते. माझ्यासोबत आणखी काही जण मॉडरेटर म्हणून, म्हणजे चर्चेवर देखरेख ठेवण्याचं, काम पाहतात, सगळे स्वेच्छेने. सेवेची वार्षिक वर्गणी मात्र आम्ही नियमित भरतो. वर्गणी घेताना तुम्ही ‘सुरक्षित गट आणि संपूर्ण नियंत्रण’ असं आश्वासन दिलं होतं, आणि त्या आश्वासनाबद्दलच हे पत्र आहे.

गेले काही महिने आमच्या गटात काही ट्रोल ठाण मांडून आहेत. ट्रोल कुठेही येतात, त्यांच्या येण्याचा दोष मी तुम्हाला देत नाही. पण त्यांना आवरायला तुम्ही आम्हाला जी साधनं दिलीत ती ऐन वेळी चालत नाहीत, आणि तुमची रिपोर्ट करण्याची व्यवस्था तर त्यांच्याच हातातलं हत्यार झाली आहे. हा दोष तुमचा आहे.

नेमकं काय घडतं ते एका उदाहरणावरून सांगते. एका सदस्येने रात्री उशिरा गटात विचारलं: आई मध्यरात्री उठून दाराची कडी काढते, बाहेर पडते, काय करू? तिला पहिली दोनतीन उत्तरं चांगली मिळाली. दाराला घंटी लावा, कडी नजरेच्या टप्प्याबाहेर बसवा, संध्याकाळनंतर अस्वस्थपणा वाढतो तेव्हा घरात उजेड राहू द्या. त्यानंतर एका नव्या अकाउंटवरून कमेंट आली: ‘आईला घरात कोंडून ठेवणं हा छळ नाही का? मी फक्त विचारतोय.’ तिने शांतपणे समजावून सांगितलं. लगेच पुढचा प्रश्न आला: आजार खरंच आहे कशावरून? निदान कोणी केलं? डॉक्टरांची चिठ्ठी दाखवता का? कुणी मध्ये पडलं की त्याला ‘तुम्ही एवढे का चिडता?’ असं उत्तर. एक शिवी नाही, एक धमकी नाही, सगळं अगदी सभ्य भाषेत. मग त्याच्या मदतीला दुसरं अकाउंट आलं, मग तिसरं. सकाळी मी पाहिलं तोवर घंटी आणि कडीबद्दलच्या कामाच्या सूचना कुठल्या कुठे खाली गेल्या होत्या आणि आमचेच सदस्य एकमेकांवर घसरले होते. त्या बाईने आपला प्रश्न काढून टाकला आणि गट सोडला. जाताना मला एवढंच लिहिलं: ‘मला मदत हवी होती, उलटतपासणी नको होती.’

मी त्या कमेंट रिपोर्ट केल्या. तुमच्याकडून प्रत्येक कमेंटसाठी तेच ठरावीक उत्तर आलं: ‘या मजकुरात नियमभंग आढळला नाही.’ एकेक कमेंट वेगळी काढून वाचली तर खरंच आढळणार नाही. वेड पांघरून पेडगावला जाणाऱ्या माणसाचं एकेक वाक्य निरागसच असतं. तोच माणूस गटातल्या किती दुखऱ्या प्रश्नांखाली हेच करत फिरतोय, उत्तर मिळाल्यावर प्रश्न कसा बदलतोय, नवा सदस्य दिसला की नेमका तिथेच कसा पोहोचतोय, हे सगळं ओळीने पाहिलं की खोडसाळपणा लख्ख दिसतो. तुमचा रिपोर्टचा अर्ज मात्र एका वेळी एकच कमेंट स्वीकारतो. त्यात मागचापुढचा संदर्भ लिहायला जागा नाही, दहा कमेंट एकत्र जोडायची सोय नाही, मॉडरेटरचा रिपोर्ट आणि कुणाही सोम्यागोम्याचा रिपोर्ट यात फरक नाही. माझ्या सगळ्या तक्रारीचं मूळ इथे आहे. ट्रोलिंग असतं वागण्यात, आणि तुम्ही तपासता सुटं वाक्य.

आता हीच व्यवस्था उलट बाजूने कशी चालते ते पाहा. आमचे एक जुने सदस्य, ज्यांनी पत्नीची अनेक वर्षं सेवा केली आहे आणि ज्यांच्या उत्तरांसाठी लोक गटात येतात, त्यांनी या ट्रोलला ‘तुमचं वागणं गटाच्या हिताचं नाही’ असं स्पष्ट सांगितलं. त्या रात्री त्यांच्या जुन्या पोस्टवर धडाधड रिपोर्ट पडले. ठरावीक संख्येच्या वर रिपोर्ट गेले की तुमची यंत्रणा माणसाने न पाहताच पोस्ट लपवते आणि अकाउंट गोठवते, हे ट्रोलना पक्कं ठाऊक आहे. सदस्याचं अकाउंट गोठलं. त्यांच्या सगळ्या पोस्ट दिसेनाशा झाल्या. त्यात औषधांच्या वेळा कशा सांभाळायच्या, गिळायला त्रास होत असताना जेवण कसं भरवायचं, अशा कित्येकांनी जपून ठेवलेल्या पोस्ट होत्या. त्यांनी केलेल्या अपिलाला अजून उत्तर नाही. ज्यांनी हे केलं ती अकाउंटं आजही चालू आहेत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याला.

या गृहस्थांच्या बाबतीत मला फार वाईट वाटतं. रात्री झोप न झालेल्या माणसाला धीर देणारं उत्तर लिहायचं, तेही स्वतःचं घर सांभाळून, हे सोपं नाही. अशा माणसाला कारणसुद्धा न सांगता बाहेर काढलं गेलं आणि मला, गटाच्या संचालिकेला, त्याची सूचनाही आली नाही. इतर सदस्यांनी विचारल्यावर मला कळलं.

तुमच्या ग्राहक सेवेने मला दोन उपाय सुचवले: ट्रोलला ब्लॉक करा, आणि सदस्यांना दुर्लक्ष करायला सांगा. दोन्हींबद्दल मला सविस्तर सांगायचं आहे, कारण हाच सल्ला तुम्ही इतरांनाही देत असणार.

सदस्याने वैयक्तिक ब्लॉक केलं तर ट्रोल फक्त त्या सदस्याला दिसत नाही. बाकी सगळ्यांना, विशेषतः काल आलेल्या नवख्याला, तो दिसतोच. ज्याने ब्लॉक केलं त्याला आपल्याच प्रश्नाखाली काय चाललंय ते कळत नाही, म्हणजे पाठीमागे बदनामी आणि समोर शांतता. एखाद्याचं लिखाण आपल्यापुरतं गाळायची सोय १९८० च्या दशकात यूजनेट या जुन्या संगणकीय चर्चाजाळ्यावरही होती, तिला किलफाइल म्हणत. ती वाचणाऱ्याची सोय होती, तिने गट कधी सावरला नाही. आणि मी संचालिका म्हणून गटातूनच हकालपट्टी केली तर? तोच माणूस नवा ईमेल पत्ता देऊन काही मिनिटांत परत येतो, तीच भाषा, त्याच सवयी, कधीकधी तर तोच फोटो. सामील होण्याचे अर्ज मी तपासून मंजूर करते, पण अर्जात मला फक्त नाव दिसतं. अकाउंट कधी उघडलं हेसुद्धा तुम्ही दाखवत नाही.

दुर्लक्षाबद्दल. २०१७ साली स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना आधी सोपी किंवा अवघड चाचणी दिली आणि मग एका लेखाखालच्या चर्चेत लिहायला सांगितलं. चाचणी सोपी आणि वरच्या कमेंट साध्या होत्या, तेव्हा सुमारे ३५ टक्के कमेंट ट्रोलिंग म्हणाव्यात अशा निघाल्या. चाचणी अवघड देऊन मूड बिघडवला आणि वर आधीच ट्रोलच्या कमेंट ठेवल्या, तेव्हा हे प्रमाण ६८ टक्क्यांवर गेलं. ही सगळी साधीच माणसं होती. आमच्या गटात येणारा माणूस दिवसभर दमलेला, रात्रीचा जागलेला, कधी अपराधी भावनेने पोखरलेला असतो. त्याच्यासमोर सगळ्यात वर ट्रोलची कमेंट असेल तर तोही तोडून बोलणार. त्याला ‘लक्ष देऊ नका’ सांगून भागत नाही, कारण चर्चा उघडली की पहिली तीच कमेंट दिसते.

आणि ती पहिली का दिसते? तुम्ही उत्तरांच्या संख्येवरून क्रम लावता म्हणून. ज्या कमेंटखाली भांडण पेटलं ती वर चढते आणि शांतपणे दिलेलं उपयोगी उत्तर तळाला जातं. शिवाय सगळ्या गटाला नोटिफिकेशन जातं की अमुक चर्चा रंगली आहे. आम्ही आग विझवत असतो आणि तुमची यंत्रणा बघ्यांना बोलावते. हा क्रम बदलण्याची, निदान एखाद्या चर्चेपुरती नोटिफिकेशन थांबवण्याची मुभा गटाच्या संचालकाला नाही.

आणखी एक बाब, जी मी मुद्दाम वेगळी सांगते. मी एखादी कमेंट काढली की ती लिहिणाऱ्याला माझ्या नावानिशी कळवलं जातं. त्यानंतर मला खासगी संदेश येऊ लागतात. काहींत माझ्या कुटुंबाचा उल्लेख होता. आमच्यातल्या एक मॉडरेटर याच कारणाने काम सोडून गेल्या. तिथे ‘गटाचे मॉडरेटर’ असं लिहिणं तुम्हाला काय जड आहे?

मी मागते आहे त्यातलं काहीच अशक्य नाही, इतर ठिकाणी ते चालू आहे. डिस्कोर्स या चर्चागट चालवण्याच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये सदस्यांचे विश्वासानुसार ० ते ४ असे टप्पे असतात आणि नवख्याला सुरुवातीला मोजक्याच गोष्टी करता येतात. टेलिग्रामने २०१९ मध्ये गटांसाठी स्लो मोड आणला. एक संदेश पाठवला की ठरावीक वेळ थांबावं लागतं. चर्चा तापली की एवढ्या एका बटणाने निम्मं काम होईल. तुमच्याकडे ते बटण नाही.

नियम ठळक दाखवण्याचंही तसंच. रेडिट या चर्चांच्या संकेतस्थळावरच्या विज्ञानाच्या मोठ्या गटात झालेला एक प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. चर्चेच्या अगदी वर नियम चिकटवून ठेवले तेव्हा नवख्यांकडून नियम पाळले जाण्याचं प्रमाण ८ टक्केबिंदूंहून अधिक वाढलं, आणि नवख्यांचा सहभाग सरासरी ७० टक्क्यांनी वाढला. म्हणजे नियम दिसले की भली माणसं बोलायला धजावतात. तुमच्याकडे ही सोय होती. मधल्या एका अपडेटमध्ये ती आमच्या वर्गणीतून काढून महागड्या योजनेत टाकली, तीही न कळवता. वर्गणीची मुदत चालू असताना हे करणं मला मुळीच मान्य नाही.

तेव्हा माझ्या मागण्या. सर्वांत आधी त्या सदस्याचं अकाउंट आणि त्यांच्या सगळ्या पोस्ट पूर्ववत करा, आणि त्यांना लेखी कारण कळवा. हे काम माणसाने करावं, यंत्राने नव्हे. ठरवून केलेले खोटे रिपोर्ट कुणी केले ते तपासा आणि त्या अकाउंटांवर कारवाई करा. पुढे आमच्या गटात रिपोर्टच्या संख्येवरून आपोआप अकाउंट गोठवणं बंद करा. वादग्रस्त पोस्ट आधी आमच्याकडे तपासायला येऊ द्या, आम्ही हजर असतो. एकाच व्यक्तीच्या अनेक कमेंट संदर्भासह एकत्र रिपोर्ट करता याव्यात. हकालपट्टी झालेला माणूस परत आल्याचा संशय असेल तर अर्ज मंजूर करतानाच आम्हाला इशारा मिळावा. त्यासाठी कुणाची खासगी माहिती आम्हाला दाखवायची गरज नाही, एक खूण पुरे. नव्या सदस्याच्या पहिल्या काही पोस्ट मंजुरीसाठी रोखता याव्यात. मॉडरेटरचं नाव झाकावं. नियम वर चिकटवण्याची सोय आमच्या आहे त्या योजनेत परत द्यावी.

आणि एक गोष्ट करू नका. ट्रोलच्या नावाखाली विरोधी मत दाबण्याची साधनं मला नकोत. आमच्या गटात औषधांवरून, वृद्धाश्रमावरून, भावंडांमधल्या वाटणीवरून कडाक्याचे वाद होतात आणि ते व्हायलाच हवेत. चिडून बोललेला, रडून बोललेला, चुकीची माहिती खरी समजून लिहिणारा माणूस ट्रोल नसतो. त्याला आम्ही समजावतो आणि बहुतेक वेळा तो थांबतो. म्हणूनच निर्णय संदर्भ जाणणाऱ्या माणसाच्या हाती असावा असा माझा आग्रह आहे. उद्या तुम्ही शब्दांची यादी करून ‘मरण’, ‘कंटाळा’, ‘सहन होत नाही’ अशा शब्दांच्या पोस्ट आपोआप रोखू लागलात, तर पहिला फटका आमच्याच लोकांना बसेल.

सोबत त्या चर्चेचे स्क्रीनशॉट, तुमच्या ग्राहक सेवेची सगळी उत्तरं आणि गोठवलेल्या अकाउंटच्या अपिलाची पोच जोडली आहे. सदस्यांची नावं मी झाकली आहेत. तपासासाठी लागली तर संबंधितांना विचारून देईन. या पत्राची पोच आणि तपास करणाऱ्या जबाबदार व्यक्तीचं नाव आठवड्याभरात कळवावं. त्या सदस्याच्या अकाउंटबाबतचा निर्णय तेवढाही लांबवू नये. महिन्याभरात बाकी गोष्टींवर ठोस उत्तर मिळालं नाही, तर उरलेल्या मुदतीची वर्गणी परत करावी आणि गटाचा सगळा मजकूर, त्या गृहस्थांच्या लपवलेल्या पोस्टसह, आम्हाला उतरवून घेता येईल अशा स्वरूपात द्यावा. गट दुसरीकडे हलवण्याची तयारी आम्ही सुरू केली आहे.

आपली ग्राहक,
संचालिका, काळजीवाहकांचा चर्चागट

सोबत: वर उल्लेखलेली कागदपत्रं