जुन्या जीपची ओळख चासीवरून व्हावी

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत दुसऱ्या महायुद्धातील वाहनांवर जो लेख आला, त्यासोबतच्या छायाचित्राखाली ‘विलीज जीप’ असे छापले आहे. छायाचित्र समोरून आणि बरेच खालून घेतलेले असल्यामुळे बंपरच्या मागे, रेडिएटरच्या खाली असलेला चासीचा, म्हणजे गाडीच्या तळाच्या लोखंडी सांगाड्याचा, आडवा तुकडा त्यात स्पष्ट दिसतो. विलीज या अमेरिकी कंपनीच्या एमबी या सैनिकी जीपमध्ये हा तुकडा गोल नळीचा असतो. छायाचित्रात मात्र तो उलट्या पन्हळीसारखा, चौकोनी कडांचा आहे, म्हणजे निदान ती चासी तरी फोर्डच्या कारखान्यातून बाहेर पडलेली आहे. फोर्डच्या या गाडीचे नाव जीपीडब्ल्यू, आणि त्यातला शेवटचा डब्ल्यू मूळ आराखडा विलीजचा असल्याचे सांगतो.

हा फरक क्षुल्लक वाटेल, पण त्यामागे मोठा व्यवहार आहे. सैन्याची मागणी एकट्या विलीजला पुरी करता येणार नाही हे दिसल्यावर १९४१ च्या अखेरीस त्याच आराखड्याबरहुकूम गाड्या बनवण्याचे काम फोर्डलाही देण्यात आले. युद्ध संपेपर्यंत विलीजने साडेतीन लाखांहून अधिक आणि फोर्डने पावणेतीन लाखांहून अधिक गाड्या तयार केल्या. एका गाडीचा भाग दुसरीला बसलाच पाहिजे, ही सैन्याची अटच होती. ती इतकी काटेकोरपणे पाळली गेली, की दुरुस्तीच्या तळांवर इंजिने, बॉडी, चाके आणि बॉनेट यांची सर्रास अदलाबदल झाली. म्हणून आज फोर्डच्या चासीवर विलीजचे इंजिन किंवा विलीजच्या चासीवर फोर्डची बॉडी दिसली, तर त्यात कोणी लबाडी केली असेलच असे नाही.

अशा गाडीला नाव कोणत्या भागावरून द्यायचे, हा खरा प्रश्न आहे, आणि माझ्या मते त्याचे उत्तर चासी हेच आहे. फोर्डने आपल्या असंख्य सुट्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा, एफ हे अक्षर उमटवले होते, आणि हौशी मंडळी तेवढे अक्षर पाहून निकाल देऊन मोकळी होतात. पण बोल्ट पाच मिनिटांत बदलता येतो. ग्रिलचेही, म्हणजे रेडिएटरसमोरच्या जाळीचेही, तसेच. अगदी सुरुवातीच्या सुमारे पंचवीस हजार एमबी गाड्यांना लोखंडी पट्ट्या जोडून केलेली जाळी होती, पुढे फोर्डने पत्र्यात ठोकून काढलेले नऊ उभ्या फटींचे ग्रिल दोन्ही कारखान्यांनी स्वीकारले, त्यामुळे त्यावरून कारखाना कळत नाही. मागच्या पत्र्यावर कंपनीचे नाव ठसवण्याची पद्धतही १९४२ मध्ये सैन्याच्या सांगण्यावरून बंद झाली. युद्धाच्या उत्तरार्धात तर दोन्ही कंपन्यांना एकाच पुरवठादाराकडून जवळपास सारख्याच बॉडी मिळू लागल्या. डॅशबोर्डवरच्या माहितीच्या पट्ट्या नव्याने बनवून मिळतात, तेव्हा त्यांच्यावर भिस्त ठेवणे म्हणजे शुद्ध भोळेपणा होय.

चासीवरचा क्रमांकही दोन्ही गाड्यांत वेगवेगळ्या पद्धतीने घातलेला आहे. फोर्डमध्ये तो चासीच्या डाव्या बाजूच्या लांब तुळईच्या वरच्या अंगावर थेट लोखंडात ठोकलेला असतो, तर विलीजमध्ये तो बंपरच्या मागे, डाव्या तुळईच्या आतल्या अंगाला रिव्हेटने बसवलेल्या लहानशा पाटीवर असतो. ही पाटी गळून पडलेली किंवा मागाहून लावलेली असू शकते, हे धरून चालावे. फोर्डने कारखान्यात इंजिनाला आणि चासीला एकच क्रमांक दिला होता, विलीजने तसे केले नव्हते. म्हणून जीपीडब्ल्यूमध्ये दोन्ही क्रमांक जुळले, तर ती जोडी मूळची असण्याचा संभव पुष्कळ वाढतो. एमबीमध्ये मात्र ते जुळत नाहीत म्हणून मालकाने खट्टू होण्याचे कारण नाही.

त्याच लेखात युद्धकालीन जीप आणि युद्धानंतरची नागरी जीप यांचीही सरमिसळ झाली आहे. हा घोळ टाळणे त्या मानाने सोपे आहे. १९४५ मध्ये आलेल्या विलीजच्या सीजे-२ए या नागरी जीपच्या (सीजे म्हणजे ‘सिव्हिलियन जीप’) ग्रिलला नऊऐवजी सात फटी आहेत, कारण तिचे हेडलाइट मोठे असून ग्रिलच्या बाहेर डोकावतात. सैनिकी गाडीचे हेडलाइट लहान आणि आत बसवलेले असत, आणि ते बिजागरीवर उलटे फिरवून रात्रीच्या वेळी इंजिनावर उजेड पाडता येत असे. नागरी गाडीला मागे उघडणारे फळके आहे आणि स्टेपनी बाजूला आहे, तर सैनिकी गाडीला असे फळके नसून स्टेपनी मागे असते. युद्धानंतर विकल्या गेलेल्या सैनिकी गाड्यांचा मागचा पत्रा कापून तिथे फळके बसवण्याची टूम निघाली होती, तेवढे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते.

१९४९ च्या सीजे-३ए मध्ये समोरची काच दोन तुकड्यांची न राहता अखंड झाली आणि तिच्या चौकटीच्या खालच्या भागात हवा येण्यासाठी झडप आली. काचेची चौकटही सहज बदलता येते, हे इथेही विसरू नये. १९५३ च्या सीजे-३बी बद्दल मात्र सहसा गोंधळ होऊ नये, कारण तिचे बॉनेट उंच आहे. हा केवळ शोभेचा बदल नव्हता. नव्या हरिकेन इंजिनात आत येणाऱ्या हवेचे व्हॉल्व्ह बाजूच्या ठोकळ्यातून वर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, गेले, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना.

त्यानंतरच्या गोल मडगार्डच्या सीजे-५ मध्ये दिसण्यापेक्षा मोजमाप अधिक खरे बोलते. १९७१ पर्यंत तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर ८१ इंच होते, १९७२ पासून लांब इंजिने बसवण्यासाठी ते सुमारे ८३.५ इंच करण्यात आले. १९७६ च्या सीजे-७ मध्ये तेच अंतर सुमारे ९३.५ इंच आहे, आणि दाराची जागा सीजे-५ सारखी वळणदार नसून बरीचशी चौकोनी आहे. टेप हाताशी असला तर इथे वादाला जागा उरत नाही.

फोर्ड ब्रॉन्को आणि इंटरनॅशनल स्काउट या इतर कंपन्यांच्या जीपसारख्या गाड्यांविषयी लेखात एकेकच ओळ आहे, म्हणून मीही थोडक्यात लिहितो. १९६६ ते १९७७ या काळातल्या पहिल्या पिढीच्या ब्रॉन्कोची वर्षे बाहेरून ओळखणे कठीण आहे. पेट्रोलच्या टाकीचे तोंड झाकणारे छोटे दार मात्र १९७७ च्याच गाडीत आले. मागच्या चाकांवरचा पत्रा मोठ्या टायरसाठी कापलेला दिसला, तर तो कारखान्याचा आकार समजू नये. स्काउटच्या दुसऱ्या पिढीत, म्हणजे स्काउट टू मध्ये, वर्षागणिक ग्रिल बदलत गेले आणि ते एकमेकांच्या जागी बसतही असल्याने निव्वळ ग्रिल पाहून वर्ष सांगणारा माणूस हमखास फसतो. त्या गाडीसोबत कारखान्यातून एक छापील कागद येत असे, ज्यावर मूळ इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल आणि रंग यांचे संकेतांक असत. असा कागद ज्याच्या गाडीत अजून टिकून असेल, त्याने त्याची छायाप्रत काढून ठेवावी आणि मूळ कागद गाडीतून काढून घरात जपून ठेवावा.

आपला नम्र,
एक वाचक