जुन्या कॉमिक्सची खरेदी नगावर आणि लेखी व्हावी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या नाशकातले वाडे पाडून तेथे इमारती उभ्या राहू लागल्यापासून माळ्यावरच्या ट्रंका रिकाम्या होत आहेत आणि त्यांतून तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर इंद्रजाल कॉमिक्स, अमर चित्रकथा आणि चांदोबा यांचे गठ्ठेही बाहेर पडत आहेत. भांड्यांचा भाव लोक चार दुकानांत विचारतात. गठ्ठे मात्र सरळ रद्दीच्या काट्यावर जातात. अलीकडे शहरातील जुनी पुस्तके घेणाऱ्या काही दुकानांत या अंकांना स्वतंत्र गिऱ्हाईक मिळू लागले आहे, याचा माझ्यासारख्या जुन्या वाचकाला आनंदच आहे. तक्रार आहे ती एवढीच की, ही दुकाने विकतात नगावर आणि घेतात वजनावर किंवा सरसकट उक्त्या भावाने.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाने गेल्या उन्हाळ्यात असाच एक गठ्ठा दुकानात नेला, तेव्हा मी सोबत होतो. दुकानदाराने मधले पाच-सहा अंक अलगद उपसून पाहिले, परत गठ्ठ्यात सरकवले आणि सगळ्यांचा मिळून एक आकडा सांगितला. पुढे काही दिवसांनी त्यांतलेच अंक पारदर्शक पिशव्यांत, प्रत्येकावर वेगळी किंमत लावून, दर्शनी भागात टांगलेले दिसले. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात निळ्या शाईने लिहिलेले मुलाचे नाव आणि ‘इयत्ता ५ वी, तुकडी ब’ ही अक्षरे तशीच होती, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागला नाही.

दुकानदाराने नफा घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. त्याचे पैसे महिनोन्‌महिने अडकून पडतात, गठ्ठ्यातले निम्मे अंक कोणी हातातही धरत नाही आणि पावसाळ्यात कसर व ओल सांभाळायची ती वेगळीच. विक्रीच्या अपेक्षित किमतीचा निम्मा किंवा अगदी तिसरा हिस्सा त्याने देऊ केला तरी मी त्याला लूट म्हणणार नाही. मात्र कोणत्या अंकाचे किती दिले, हे विकणाऱ्याला कळले पाहिजे.

विकणाऱ्यांच्या कल्पनाही पुष्कळदा हवेत असतात, हेही मान्य केले पाहिजे. सुपरमॅन ज्यात प्रथम अवतरला तो १९३८ सालचा दहा सेंटचा अमेरिकन अंक एप्रिल २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला विकला गेला, ही बातमी वाचून आपल्या ट्रंकेतही लाखो रुपये आहेत असे समजणारे गृहस्थ मला भेटले आहेत. तिकडे त्रयस्थ संस्था अंकाच्या स्थितीला दहापैकी गुण देऊन तो पारदर्शक वेष्टनात बंदिस्त करतात आणि बोली त्या गुणांवर ठरते. आपल्याकडे मात्र दुकानदाराची नजर हेच प्रमाणपत्र, आणि म्हणूनच त्या नजरेने काय पाहिले ते कागदावर यायला हवे. इंद्रजाल मार्च १९६४ मध्ये वेताळाच्या (म्हणजे इंग्रजीतल्या फँटमच्या) कथेने सुरू झाले आणि १९९० मध्ये बंद पडले. सुरुवातीचा, मुखपृष्ठ व मधली पाने शाबूत असलेला अंक आणि शेवटच्या काळातला पिन गंजून सुटलेला अंक यांना एकच भाव लावणे कोणत्याच हिशेबात बसत नाही. अमर चित्रकथा १९६७ पासून निघत असली तरी तिच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या, त्यामुळे केवळ शीर्षक जुने असून भागत नाही. अंकावर छापलेली किंमत आणि आतल्या यादीतली पुस्तके पाहिली की छपाई कोणत्या काळातली याचा अंदाज येतो. वाचनालयांनी कडा कापून बांधलेल्या खंडांना सुट्या अंकांइतकी किंमत येत नाही. चिकटपट्टी लावून केलेली डागडुजी तर न केलेलीच बरी, कारण तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. नाणेसंग्राहक जुने नाणे घासून चकचकीत करत नाहीत, तसेच हे आहे.

दुकानातून अंक विकत घेणाऱ्यांनीही सावध राहावे. स्कॅन करून छापलेल्या प्रती ‘मूळ अंक’ म्हणून खपवणे अवघड राहिलेले नाही. जुना वृत्तपत्री कागद कडांकडून पिवळा पडत आत जातो, तर चहाच्या पाण्यात बुडवलेला नवा कागद सगळीकडे सारखाच पिवळा दिसतो. नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली आजचा पांढरा कागद बहुधा चमकतो, जुना चमकत नाही. नोटा छापणाऱ्या आपल्या शहरात असा दिवा मिळणे कठीण नसावे. बिल मात्र अवश्य मागावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि बिलावर ‘मूळ अंक’ की ‘पुनर्मुद्रण’ असा उल्लेख असेल तर पुढे दाद मागता येते. दुकानाला माल विकणारा गृहस्थ मात्र या कायद्याच्या अर्थाने ग्राहकच नाही, त्यामुळे त्याला या कायद्याचा आधार मिळत नाही.

म्हणून शहरातील संबंधित दुकानदारांना माझी विनंती आहे की, त्यांनी खरेदीच्या वेळी अंकाचा क्रमांक, भाषा, स्थिती आणि दिलेली किंमत लिहिलेली पावती विकणाऱ्याला द्यावी आणि तिची एक प्रत स्वतःकडे ठेवावी. पन्नास पैशांनाही कोणी घेणार नाही असे अंक खुशाल एका ओळीत ‘इतर’ म्हणून लिहावेत. एवढा वेळ नसतो असे ज्यांचे म्हणणे असेल, त्यांनी निदान विकणाऱ्याला घरूनच यादी करून आणायला सांगावे आणि त्या यादीवर प्रत्येक अंकासमोर आपला भाव लिहून सही करावी.

आपला,
एक वाचक,
गंगापूर रोड, नाशिक