टाळांच्या लयीवर भोंग्याचा गोंगाट

संपादक महोदय,

आमच्या गावची दिंडी दरवर्षी शेगावला पायी जाते. गेल्या वर्षी पावसाने काळ्या मातीचा चिखल चपलांना लोंबू लागला आणि पाऊल उचलेना, तेव्हा मागच्या रांगेतल्या एका आजीने चपला हातात घेऊन अभंग उचलला. चार टाळ लागले आणि थकलेले पाय अनवाणीच ठेक्यात पडू लागले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) खंजिरी भजनांवर वाढलेल्या विदर्भाला हे नवे नाही. परंतु अलीकडे दिंडीसोबतच्या गाड्यांवरील भोंगे (तेही सिनेमाच्या चालींचे!) हा आवाज गिळतात. निदान चालताना ते बंद ठेवावेत, ही आयोजकांना विनंती.

– एक वारकरी, जि. बुलडाणा