हनन्याची दोन वर्षं आणि यिर्मयाची सत्तर

बेळगाव, रविवार

प्रिय बाळ,

प्रभूच्या नावानं सलाम.

तुझा मेसेज मम्मीनं मोठ्यानं वाचून दाखवला. फोन काही माझ्या हातात दिला नाही, तेव्हाच ओळखलं की मधल्या ओळी गाळल्या आहेत. त्या मी रात्री वाचल्या. ‘प्रार्थना सोडलेली नाही पप्पा, पण ती कुणी ऐकतंय असं आता वाटत नाही,’ असं लिहिलंयस. फोनवर बोललो असतो तर मी एखादं वचन सांगून मोकळा झालो असतो आणि तू ‘हं, हं’ करून. म्हणून कागद घेतला. लांबलं तर रागावू नकोस, हल्ली माझ्याकडे वेळच वेळ आहे.

तुझं दुखणं मला कळतं. टीईटी पास होऊन बसलीस. जूनमध्ये अतिथी शिक्षिका म्हणून अर्ज, मार्चमध्ये छुट्टी, उन्हाळाभर पगार नाही, जूनमध्ये पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. भरतीची जाहिरात येणार येणार म्हणतात आणि ती येते तेव्हा आपल्या विषयाच्या जागा नसतात. इकडे उपासना संपली की चर्चच्या पायरीवर चपला शोधताना कोणीतरी विचारतंच, “पोरीचं पर्मनंट झालं काय ओ?” मम्मी म्हणते, “देवाच्या वेळेत होईल की.” वाक्य खरं आहे, पण समोरच्याचं तोंड बंद करायलाही ते बरं पडतं. तुला मी ते लिहिणार नाही.

आपल्या हॉलमधलं कॅलेंडर आठवतंय? मंडळीतल्या निम्म्या घरांत तेच वचन आहे, यिर्मया २९ मधलं अकरावं. तुमच्याविषयी माझ्या मनात आहेत ते संकल्प हिताचे आहेत, असं देव म्हणतो ते. मगवर छापतात, लग्नाच्या पत्रिकेवर छापतात. त्याच्या आधीचं दहावं वचन मात्र मी कुठल्याही कॅलेंडरवर पाहिलेलं नाही. त्यात सत्तर वर्षं लिहिली आहेत. बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर मी तुमचा समाचार घेईन, असं. ही दोन्ही वचनं यिर्मया संदेष्ट्यानं बाबेलात पकडून नेलेल्या आपल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातली. ज्यांना ते पत्र गेलं त्यातल्या कर्त्या माणसांनी हिशेब केला असणार की आपण काही परत जात नाही. संकल्प हिताचे आहेत हे त्यांनी ऐकायचं, आणि मरायचं बाबेलातच.

अठ्ठावीसावा अध्यायही वाच, मग मजा कळेल. तिथं हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल, राजाही आणि मंदिरातली पात्रंही. लोकांना हनन्याच आवडला असणार. मला पण आवडला असता! यिर्मयाही आधी ‘आमेन, तसंच होवो’ म्हणतो, हे मला फार माणसासारखं वाटतं. पण पत्र लिहायला बसतो तेव्हा तो खोटं लिहीत नाही. घरं बांधा आणि त्यात राहा, मळे लावा आणि त्यांचं फळ खा, लेकरांची लग्नं लावा, आणि ज्या शहरात नेऊन टाकलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असं लिहितो. तेही ज्यांनी पकडून नेलं त्यांच्या शहरासाठी.

वाट बघणं आपल्या भागाला कोणी शिकवायला नको. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा तुझे आजोबा शाळकरी होते. पुढच्या वर्षी महाराष्ट्रात नक्की, असं त्यांनी किती वेळा ऐकलं असेल! १९६६ मध्ये या सीमावादासाठी महाजन आयोग नेमला, २००४ मध्ये महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला, खटला अजून आहे. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं नाव सरकारी कागदावर बदलून बेळगावी झालं. तुझ्या दहावीच्या मार्कलिस्टवर एक आहे आणि बी.एड.च्या सर्टिफिकेटवर दुसरं. दरवर्षी त्याच तारखेला एका रस्त्यानं काळ्या दिनाची फेरी आणि दुसऱ्या रस्त्यानं राज्योत्सवाची मिरवणूक. कोणाचं बरोबर हे मी या पत्रात काढत बसत नाही, तो माझा वकूबही नाही. पण दोन वर्षंवाले हनन्या मी दोन्हीकडे भरपूर पाहिलेत.

तुझी आज्जी काय करायची? ती कोणाच्या भाषणाला गेली नाही आणि कोणाला शिव्याही दिल्या नाहीत. बाजारात बसून कन्नड शिकली. आपलं मराठी पवित्र शास्त्र उशाला आणि गल्लीतल्या कन्नड बाईच्या बाळंतपणाला रात्री-बेरात्री हजर. धीर या शब्दावर आपल्याकडे जी प्रवचनं होतात त्यात बहुतेक वेळा हात जोडून बसलेला माणूस असतो. आज्जी हात जोडून बसलेली मला फक्त जेवणाआधी आठवते.

तूही मळा लावलायस, तुला दिसत नाही इतकंच. दिवाळीनंतर लिहिलं होतंस की बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली एक पोर वर्गात बसायला लागली आहे. तिला नाव लिहायला शिकवलंस तर तिनं वहीच्या पानापानावर, मग कोपीच्या, म्हणजे त्यांच्या झोपडीच्या, बाहेर ठेवलेल्या पाण्याच्या ड्रमवर कोळशानं नाव काढलं, आणि ‘पाणी प्यायचं ते नाव पुसून प्यायचं काय’ म्हणून तिची आई तक्रार घेऊन शाळेत आली. ते वाचून आम्ही किती हसलो होतो. कारखान्याचा सीझन संपला की ती गावी जाणार, पुढच्या साली याच शाळेवर येईल की नाही कोण सांगणार. तुझी नेमणूक मार्चपर्यंत आणि तिचं शिक्षणही मार्चपर्यंत. तरी तिचं नाव तिला लिहिता येतंय. तू पर्मनंट नव्हतीस म्हणून ते अक्षर कच्चं झालं का?

उद्यमबागेतल्या ओतकामाच्या कारखान्यातली माझी एक गोष्ट सांगतो. लोखंड ओतलं की साचा लगेच फोडायचा नसतो, वाळूतच निवू द्यायचा. आमच्याकडे डिस्पॅचची घाई झाली की शिफ्टचा इनचार्ज म्हणायचा, फोडा, वरून काळं पडलंय. फोडायचो. दिसायला जॉब, म्हणजे ओतलेला भाग, अगदी फर्स्ट क्लास. मशीन शॉपला गेला की बोंब! पातळ कडा चटकन निवून काचेसारख्या कडक झालेल्या असायच्या, टूल टेकवलं की टूलचीच टीप उडायची. काही जॉबना नुसत्या ताणानं तडे जायचे. वाळूत पडलेल्या जॉबकडे बघून कोणाला वाटत नाही की आत काही चाललंय, पण लोखंडाचा पोत तिथंच ठरतो. उदाहरण इथंच सोडतो, नाहीतर पाळकसाहेब म्हणतील माझा उपदेश पळवला.

आता शांतीविषयी. तू लिहिलंयस की स्टाफरूममध्ये कोणी ‘तुमच्या लोकांचं काय, धर्म वाढवायचं काम जोरात असेल’ असं बोललं आणि तू गप्प बसलीस, आणि नंतर त्या गप्प बसण्याचाच राग आला. २०२१ चा डिसेंबर तुला अर्धाच माहीत आहे, तू तेव्हा धारवाडला होतीस. इथं हलग्याजवळ सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन चालू होतं आणि २३ डिसेंबरला विधानसभेत धर्मांतराविरोधी विधेयक मंजूर झालं. नाताळ दोन दिवसांवर. घराघरांत करंज्या चालल्या होत्या आणि कोणाचं लक्ष करंजीत नव्हतं. त्याच महिन्यात आपल्या घरी प्रार्थना चालू असताना दहा-बारा पोरं दारात आली. कोणाला बाटवताय, दाखवा यादी, म्हणाली. आत होतो कोण? मम्मी, मी, दोन म्हाताऱ्या आणि पेटी वाजवणारा तो कॉलेजचा मुलगा. समोरच्या काकू हातातलं पिठाचं ताट घेऊनच मधे उभ्या राहिल्या आणि त्यातल्या एकाला आईच्या नावासकट ओळखून म्हणाल्या, “तुझ्या बारशाला घुगऱ्या मी शिजवल्यात रे, हो बाजूला.” पोरं पांगली.

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. अंगाला कापरं भरलं होतं, भीतीनं कमी आणि रागानं जास्त. म्हणून तुला सांगतो, राग आला म्हणजे आपल्यात शांती नाही असं समजू नकोस. पौलानं फिलिप्पैकरांना चिंता करू नका, देवाची शांती तुम्हाला राखील, असं लिहिलं ते तुरुंगातून. त्याची बेडी काही त्या ओळीनं निघाली नव्हती. दुसऱ्या दिवशी मंडळीतल्या दोघांना घेऊन मी पोलीस स्टेशनला गेलो, काय झालं ते कन्नडमध्ये लिहून दिलं, पोच घेतली. संविधानाचं २५ वं कलम मला तोंडपाठ नाही, पण ते आहे आणि ते आपल्यासाठीही आहे एवढं ठाऊक आहे. पुढच्या आठवड्यात प्रार्थना ठरल्या वेळी झाली. पेटी जरा हळू वाजवली, एवढाच फरक.

आणि गणपतीत त्याच पोरांना मंडपासाठी लाईट हवी होती, आपलं मीटर जवळ. मम्मी म्हणाली द्या. मी दिली, पण तोंड वाकडं करूनच दिली. त्यातला एक मग वायरला टेप लावायला रोज येत होता, चहा पिऊन जात होता. आता आम्ही फार दोस्त झालोय असं काही नाही. रस्त्यात मान हलवतो तो, मीही हलवतो. शत्रूवर प्रीती करा याचा अर्थ आमच्या गल्लीत सध्या एवढाच निघतो, आणि त्यालाही मला बराच जोर लावावा लागला.

तेव्हा स्टाफरूममध्ये पुढच्या वेळी गप्पच बसायला पाहिजे असं नाही. एका वाक्यात उत्तर द्यायचं, आवाज न चढवता, आणि वर्गाची घंटा झाली की वर्गावर जायचं. तसं बोलणाऱ्या बाईंचं मूल आजारी असेल तर त्यांचा तासही घ्यायचा. दोन्ही एकाच दिवशी करता येतं.

राहिला तुझा मोठा प्रश्न, ऐकतो की नाही. मला उत्तर देता येत नाही. पण हा प्रश्न विचारला म्हणून तुझा विश्वास कमी झाला असं मी मानत नाही. तेरावं स्तोत्र उघड. दावीद सरळ विचारतो, देवा, कुठवर? मला कायमचा विसरणार का? हे शास्त्रातून कोणी खोडलेलं नाही. आपल्या मंडळीत साक्ष द्यायला उभे राहणारे बहुतेक लोक काम झाल्यावर उभे राहतात. काम व्हायच्या आधी उभं राहायची पद्धत असती तर तुला एवढं एकटं वाटलं नसतं, असं माझं आपलं मत. पंचकमिटीत बोलून बघणार आहे, कोणी ऐकणार नाही.

पंडिता रमाबाईंचं चरित्र तुला शाळेत होतं, पण ते शाळेपुरतं. जन्म १८५८ चा, आजच्या कर्नाटकातल्याच गंगामूळच्या रानात, घर मराठी. दुष्काळात आई-वडील गेले, बहीण गेली, पुढे भाऊ आणि नवराही. उतारवयात त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल करायला बसल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या मुलींनीच टाइप जुळवले. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, जिच्यावर मिशन सोपवायचं होतं. बाईंनी भाषांतर सोडलं नाही. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि अखंड बायबल छापून बाहेर पडलं ते त्यांच्यामागून. देवावर भरवसा म्हणजे काय असं कोणी विचारलं की मला ते टाइप जुळवणारे हात आठवतात. मुलगी का नेलीस, हे बाईंनी देवाला विचारलं नसेल असं मला वाटत नाही. विचारलंही असेल आणि पुढचं पानही तपासलं असेल.

तर आता कामाचं. कन्नडचा तुझा लिखाणाचा हात अजून कच्चा आहे. रोज एक पान कन्नड वर्तमानपत्र उतरवून काढ, पुढच्या परीक्षेला उपयोगी पडेल आणि गावातल्या पालकांशी बोलायलाही. खासगी शाळेतून विचारणा आली आहे म्हणालीस, तर जाऊन बघून ये. आहे तिथंच चिकटून राहिलं म्हणजेच धीर, असं देवानं कुठं म्हटलेलं नाही. फक्त वर्षाच्या मध्यात वर्ग टाकून जाऊ नकोस.

उन्हाळ्यात पैशाची ओढ होणार, ते माझ्यावर सोड. कारखान्यातून निघताना मिळालेल्यातले थोडे बाजूला ठेवलेत, ते तुझ्या लग्नाचे नाहीत, घाबरू नकोस.

हार्वेस्टच्या उपासनेला ये. मम्मीनं परसातला भोपळा त्यासाठीच राखलाय, रोज फडकं फिरवते त्याच्यावर. गेल्या वेळी लिलावात आपलाच भोपळा मी चढ्या बोलीनं परत घेतला म्हणून अजून बोलणी खातोय. शनिवारी दुपारच्या बसनं निघालीस तर रात्रीच्या जेवणाला पोचशील.

तुझा,
पप्पा

ता. क. टीईटीचं मूळ सर्टिफिकेट लॅमिनेट करू नकोस, पडताळणीला घेत नाहीत म्हणे. मम्मीनं शेंगदाण्याची चटणी आणि थोडे तांदूळ कंडक्टरकडे दिलेत. डबा परत आण, मागचे दोन अजून तिकडेच आहेत.