एक बाद 81

पुणे, 6 नोव्हेंबर 2024

प्रिय दोस्ता,

भाऊबीजेला तुझा फोन आला तेव्हा मी धड बोललो नाही. राग तुझ्यावर नव्हता. न्यूझीलंडविरुद्धच्या तिसऱ्या कसोटीत वानखेडेवर 147 करायच्या होत्या आणि आपण 121 वर आटोपलो होतो. पाच बाद 29 पाहिल्यापासून ताटातला घास गिळवत नव्हता. पण तुला लिहायचंय ते त्याआधीच्या, इथल्या गहुंज्याच्या कसोटीबद्दल, कारण तिथे मी स्वतः होतो.

26 ऑक्टोबरला धाकट्याला घेऊन गेलो. त्याची ही पहिलीच कसोटी. समोर 359 चं लक्ष्य, डोक्यावर छप्पर नाही, ऑक्टोबरचं ऊन. पण जैस्वाल असा तुटून पडला होता की ऊन जाणवलंच नाही. लंचला एक बाद 81. पोरगा वडापाव खाता खाता बोटांवर हिशेब करत होता, किती षटकांत किती हव्यात. मी त्याला थांबवलं नाही. मलाही वाटत होतं रे.

चहापानापर्यंत सात गडी तंबूत. जैस्वाल 77 वर स्लिपमध्ये, पंत भोपळा न फोडताच धावबाद, विराट पायचीत. 245 वर सगळं संपलं, 113 धावांनी हरलो. 2012 साली इंग्लंडने हरवलं त्यानंतर मायदेशी सलग 18 मालिका आपण जिंकल्या होत्या, ती माळ माझ्या डोळ्यांदेखत तुटली. वॉशिंग्टन सुंदरने सामन्यात 11 बळी घेतले, तेही वाया गेले.

पहिल्या कसोटीत बंगळुरूला आपण 46 वर सर्वबाद झालो, ते मी पोटात घालू शकतो. ढगाळ हवा, ओली खेळपट्टी, चेंडू दोन्हीकडे हलतोय, असा दिवस कोणावरही येतो. गहुंज्याला मात्र फिरकीने मारलं, आणि तेच लागलं. त्यांचा फिरकीपटू सँटनर, त्याने त्याआधी कसोटीच्या एका डावात कधी पाच बळी घेतले नव्हते. इथे पहिल्या डावात सात, दुसऱ्यात सहा. चेंडू काही हातभर वळत नव्हता. तो नुसता वेग कमीजास्त करत होता आणि आपले फलंदाज आधीच बॅट पुढे टाकत होते. विराट पहिल्या डावात खालच्या फुलटॉसवर आडवी बॅट फिरवून त्रिफळाचीत झाला, तो चेंडू अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. त्याच खेळपट्टीवर त्यांचा कर्णधार लॅथम स्वीप मारत मारत 86 करून गेला. मग खेळपट्टीला किती बोल लावायचा?

याच मैदानावर 2017 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फिरकीपटू ओकीफने दोन्ही डावांत सहा-सहा बळी घेतले होते आणि आपण 105 आणि 107 मध्ये गारद झालो होतो. तेव्हा वाटलं, अपघात. आता नाही वाटत. माझं मत असं की फिरकीच्या आखाड्यात समोरचा साधा फिरकीपटूही आपल्या अश्विन-जडेजाच्या बरोबरीला येतो, आणि त्याला खेळून काढायची सवय आपल्या फलंदाजांना राहिलेली नाही. या मालिकेआधी विराट शेवटचा रणजी सामना 2012 मध्ये खेळला होता, रोहित 2015 मध्ये. ही विद्या नेट्समध्ये येत नाही. त्यासाठी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत खेळपट्टीवर उभं राहावं लागतं.

1987 चं बंगळुरू आठवतं ना? तुमच्या घरचा टीव्ही, खोलीत पाय ठेवायला जागा नाही. पाकिस्तानच्या इक्बाल कासिम आणि तौसीफ अहमदचा चेंडू फणा काढत होता आणि गावसकर एकटा पाय रोवून उभा. 96. चेंडू बॅटपर्यंत येऊ द्यायचा, हात सैल सोडायचे, पायापाशी मेलेला चेंडू पडायचा. 16 धावांनी हरलो तेव्हा तुझे वडील उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले होते. तीही हारच होती, पण शाळेत आपण त्याच खेळीबद्दल बोलत होतो.

परवा पोराला ते सगळं सांगितलं. पुढच्याच क्षणी तो बॅट घेऊन आला, म्हणाला, "बाबा, हात सैल सोडायचे म्हणजे कसे?" मी दाखवायला गेलो, जमेना. आपल्यात ते तुलाच यायचं. शाळेच्या मैदानावर मॅटिंगवर चेंडू कसाही वळला तरी तू शेवटपर्यंत थांबायचास, सर बाकीच्यांना तुझ्याकडे बघायला सांगायचे.

डिसेंबरात चार दिवस काढून ये. मी रबरी चेंडू आणून ठेवलाय, गच्चीवर पाणी मारलं की तो चांगला वळतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच