पायोनियर स्क्वेअरमधलं घर

ती. आई-बाबांना,
सा. न.

घराच्या कागदांवर सह्या झाल्या. सिएटलच्या जुन्या वस्तीत, पायोनियर स्क्वेअरमध्येच घेतलं. "गुत्त्यांच्या वस्तीत राहणार पोरगी?" हे बाबांचं वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून सगळं नीट लिहिते आहे.

बाबा, तुम्ही वाचलंत ते खरं आहे. लाकूडतोडे, खलाशी, 1897 नंतर कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्यामागे निघालेली माणसं, सगळ्यांचा पैसा याच गल्ल्यांत दारूवर आणि जुगारात उडायचा. 1916 मध्ये राज्यात दारूबंदी आली आणि तो काळ सरला. आता चित्रांच्या गॅलऱ्या आहेत, कचेऱ्या आहेत. काही बार अजून आहेत, पण आमच्या इमारतीत नाहीत. उशीर झाला तर मी टॅक्सीने दारापर्यंत येते.

पण बाबा, तुम्हाला इथलं बांधकाम दाखवायचंय. आधी सगळं लाकडी होतं. 6 जून 1889 ला एका सुतारी कारखान्यात तापत ठेवलेला सरस पेटला आणि जवळजवळ सगळा बाजार जळाला. मग वीट-दगडाशिवाय बांधायचं नाही, असा नियम झाला. एल्मर फिशर या एकाच वास्तुविशारदाने थोड्या वर्षांत इतक्या इमारती केल्या की वस्ती एका हाताची वाटते. खडबडीत दगड, अर्धगोल कमानी. 1892 ची पायोनियर बिल्डिंग त्याचीच. रस्तेही भर घालून मजलाभर, कुठे त्याहून उंच केले. जुने तळमजले जमिनीखाली गेले, त्यांना उजेड मिळावा म्हणून फुटपाथमध्ये जाड काचा बसवल्या. काचेत मँगनीज असल्याने उन्हाने त्या जांभळ्या झाल्यात. आई, अगदी पिकल्या जांभळाचा रंग! त्यांवरून चालताना मला बाबांचं बोट धरून तुळशीबागेत फिरल्यासारखं वाटतं.

1960 च्या दशकात इथलं एक जुनं हॉटेल पाडून गाड्यांचा तळ बांधला. ते बघून लोक चिडले, जागे झाले आणि 1970 मध्ये सगळ्या वस्तीला संरक्षण मिळालं. बाबा, आपला वाडा गेला तेव्हा तुमच्या हातात काही नव्हतं. काकांच्या सह्या झाल्यावर तुम्ही एकटे काय करणार होतात? माझ्या मनात तुमच्याबद्दल कसलाही सल नाही. फक्त शेजारच्या बेल्व्ह्यू शहरातलं नवंकोरं घर बघताना मला तिथे झोप लागेल असं वाटलं नाही, आणि इथे जाड भिंतीला हात लावला तेव्हा वाटलं.

भूकंपाचं म्हणाल, तर भिंती आतून पोलादाने बांधून घेतल्या आहेत. सगळे कागद वाचून मगच सही केली. लिफ्ट आहे, बाबांच्या गुडघ्याला एक पायरी नाही. तुमची खोली पूर्वेकडे, सकाळी ऊन येतं. पोहे, कोकम, मेतकूट सगळं मिळतं. आईसाठी पाटा-वरवंटा नाही, पण मिक्सर घेतलाय.

आता ऐका. आई, बरण्यांसाठी स्टुलावर चढायचं नाही, शेजारच्या पोराला हाक मार. पाय सुजतात ते डॉक्टरांना सांग, "वयाचं आहे" म्हणून गप्प बसू नकोस. बाबा, बीपीची गोळी नाश्त्याच्या आधी, आणि फिरायला काठी न्यायचीच. जुलैत या, तेव्हा इथे कोरडं ऊन असतं. पासपोर्टची मुदत संपत आलीय, अर्ज याच आठवड्यात भरा. पावतीचा फोटो मला पाठवा.

तुमची,
चिमी