मंजुरीची सही कोणाची?

पुणे, १५ जून २०२५

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू इतक्या तावातावाने बोलत होतास की मला मध्ये शब्द टाकता आला नाही. म्हणून लिहिते आहे. पत्राला मध्येच तोडता येत नाही, तेवढाच माझा फायदा.

तुझं म्हणणं एवढंच, की प्रशिक्षक अमोरिमला हाकला म्हणजे तुझा तो इंग्लंडमधला फुटबॉल क्लब, मँचेस्टर युनायटेड, सुधारेल. टेन हागच्या वेळीही तू हेच म्हणत होतास, आणि त्याआधी सोल्शारच्या वेळीही. जुने प्रशिक्षक फर्ग्युसन २०१३ मध्ये निवृत्त झाले. मग मोयेस, व्हॅन गाल, मौरिन्हो, सोल्शार, रांगनिक, टेन हाग आणि आता हा. एवढं करून यंदा लीगमध्ये पंधरावा नंबर, ३८ सामन्यांत ४२ गुण आणि १८ पराभव. नुसता प्रशिक्षक बदलून काही व्हायचं असतं तर एव्हाना झालं असतं की रे.

माझी नोकरी बँकेच्या तपासणी विभागात गेली, हे तू विसरतोस. कर्ज थकलं की सगळे आधी वसुलीवाल्याच्या नावाने ओरडतात. आम्ही मात्र फाइल उघडून मंजुरीचं पान काढायचो. कोणी मंजूर केलं, तेव्हा समोर कोणते कागद होते, आणि मंजूर करणारे साहेब आज कुठे आहेत? बहुतेक वेळा बढती घेऊन दुसऱ्या शाखेत. ती खोड मला तुझं फुटबॉल बघतानाही सुटत नाही.

टेन हागचंच बघ. मे २०२४ मध्ये एफए कप या इंग्लंडच्या स्पर्धेच्या फायनलला मँचेस्टर सिटीला २-१ हरवलं, पण लीगमध्ये आठवे आले. त्याला ठेवावं की काढावं हे वरच्यांना ठरवता येईना, म्हणून दुसऱ्या प्रशिक्षकांशीही बोलून झालं. शेवटी जुलैत त्याचाच करार २०२६ पर्यंत वाढवला आणि २८ ऑक्टोबरला त्याला घरी पाठवलं. ॲशवर्थ नावाचे स्पोर्टिंग डायरेक्टर, म्हणजे संघबांधणी बघणारे अधिकारी, न्यूकॅसल क्लबातून आणले, ते पाच महिन्यांत गेले. या निरोपांचा खर्च क्लबच्याच हिशेबात जवळपास दीड कोटी पौंड आहे. आणि अमोरिमने तर सांगितलं होतं, मला हंगाम संपल्यावर बोलवा. त्याला उत्तर मिळालं, आत्ता ये, नाहीतर कधीच नाही. तो तीन बचावपटू घेऊन खेळतो हे पोर्तुगालमध्ये शेंबड्या पोराला ठाऊक होतं. संघ होता चार बचावपटूंच्या हिशेबाने जमवलेला. मग नोव्हेंबरात, हंगामाच्या मध्यावर, त्याला घ्यायची मंजुरी कोणी दिली?

क्लबचे सहमालक रॅटक्लिफ यांनी मार्चमधल्या मुलाखतीत टेन हाग आणि ॲशवर्थ यांच्याबाबतचे निर्णय चुकले असं कबूल केलं. क्षणभर मला बरं वाटलं, मोठी माणसं एवढंही बोलत नाहीत. पण याच काळात खर्चकपात म्हणून आधी २५० जणांच्या नोकऱ्या गेल्या, आणि फेब्रुवारीत आणखी दीडशे ते दोनशे जातील असं जाहीर झालं. ओल्ड ट्रॅफर्डवरच्या कर्मचाऱ्यांचं फुकट जेवण बंद, त्याऐवजी फळं. चूक वरच्या मजल्यावर झाली आणि जेवणाचं पान खालच्या मजल्यावरचं उचललं गेलं. अशी कबुली फार स्वस्तात पडते.

कर्णधार ब्रुनोबद्दल मात्र तुझं-माझं जमणार नाही. क्लबचा जुना कर्णधार रॉय कीनने २०२३ मध्येच म्हटलं होतं की त्याचं कर्णधारपद काढून घ्या. सहकाऱ्याचा पास चुकला की तो हात उडवतो, ते मलाही खटकतं. तुझ्या बाबांना तर ते बघवतच नाही, ते उठून चहा टाकायला जातात. पण टेन हाग गेल्यावर मी त्याची माफी मागितली, असं उघड सांगणारा त्या ड्रेसिंगरूममधून तोच पुढे आला. यंदा १९ गोलही त्याचेच. खेळाडूंची खरेदी, पगार, प्रशिक्षकाची निवड यांतलं काहीच त्याच्या हातात नाही. मैदानावर जे हातात आहे त्याचा जाब त्याला जरूर विचार. पण वरच्यांचा हिशेब त्याच्या दंडावरच्या पट्टीला बांधू नकोस.

लंडनच्या स्पर्स क्लबचं उदाहरण तू दिलंस, ते उलट माझ्याच बाजूचं आहे. बिल्बाओला युरोपा लीगच्या फायनलमध्ये त्यांनी तुम्हाला १-० हरवलं, १७ वर्षांनी करंडक आणला, आणि १६ दिवसांत प्रशिक्षक पोस्टेकोग्लूला नारळ दिला. लीगमध्ये सतरावे आले म्हणून. चालेल, तेही कारण आहे. पण अध्यक्ष लेव्ही तेव्हाही होते तिथेच, २००१ पासून.

आणि एवढ्या लांब तरी कशाला जायचं? आपल्या एफसी पुणे सिटी क्लबसाठी तू नारिंगी जर्सी घालून बालेवाडीला जायचास. कोलोम्बा, प्लॅट, हबास, पोपोविच, दर हंगामाला नवा प्रशिक्षक. पोपोविचच्या वेळी कुठे संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला, तर पुढच्या हंगामाला तोही नव्हता. त्याच्या जागी आलेला मिगेल पोर्तुगाल तीन सामन्यांत गेला, मग प्रद्युम रेड्डी, मग फिल ब्राऊन. २०१९ मध्ये क्लबच बंद झाला, लीगमधली जागा हैदराबादला गेली, आणि २०२२ मध्ये हैदराबादने ती लीग, आयएसएल, जिंकलीसुद्धा. तेव्हा तू आठवडाभर शिव्या दिल्यास त्या सगळ्या प्रशिक्षकांना आणि बचावफळीला. चालवणाऱ्यांपैकी एकाचंही नाव तुझ्या तोंडून आलं नाही. मला ते तेव्हाही खटकलं होतं.

गोलकीपर ओनानाबद्दल फोनवर जे बोललास ते मात्र मी ऐकून घेणार नाही. ल्योनविरुद्ध त्याच्या हातून चुका झाल्या, मी बघितलं. चुकला म्हण, बाकावर बसवा म्हण. आईबापांचा उद्धार कशाला? त्याला निवडून पैसे मोजणाऱ्यांनी एक शब्दही ऐकून घेतलेला नाही.

अमोरिमला ठेवावं का, मला सांगता येणार नाही. त्याचा तीन बचावपटूंचा हट्ट मलाही पटत नाही. पण फायनल हरल्यावर तो म्हणाला, मंडळाला आणि चाहत्यांना मी नको असेन तर भरपाईची गोष्टही न काढता दुसऱ्या दिवशी जाईन, स्वतःहून मात्र सोडणार नाही. माझ्या नोकरीत एवढं स्पष्ट बोलणारा साहेब क्वचित भेटला. त्यामुळे त्याच्यावरचा माझा राग अर्धा झाला आहे. उरलेला अर्धा ऑगस्टमध्ये, नवा हंगाम सुरू झाला की बघू.

गणपतीला येणार आहेस ना? उद्यान एक्स्प्रेसचं आरक्षण साठ दिवस आधी सुटतं, म्हणजे जूनअखेरीस बघ. मागच्या खेपेसारखा वेटिंगवर राहून बसने येऊ नकोस. आणि तुझ्या त्या जुन्या बुटांचं काय करायचं ते कळव, बाबा ते वॉचमनच्या मुलाला द्यायचं म्हणताहेत.

तुझी,
आई